डॉक्टरीणबाईले सांगितलेलं खोटं

वच्छला, माझी बायको, गेली त्या सकाळी मी दवाखान्यात तिच्यासाठी पेज घेऊन पोचलो. नर्स दारातच आडवी आली अन् म्हणाली, "बाबा, डिब्बा नीचे रख दो." मले समजलं... सव्वा महिना झाला त्याले.

लोक म्हणतात बाई भली होती. होती, पण तोंडाची तिखट होती, अन् मी तिच्याहून तिखट. चाळीस वर्षं आम्ही एकाच गोष्टीवर भांडलो, माझ्या बिडीवर. इथं हिंदी मुलखात, उरला गावच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमधून यायचो अन् दारात बसून ओढायचो, धूर सारा आत. मागच्या वर्षी तिले खोकला लागला. आधी टीबीचं औषध चाललं, उतार नाही पडला. मग छातीच्या फोटोत फुप्फुसात लिंबाएवढी गाठ दिसली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं, घरात कोणी बिडी-सिगरेट पितं का? मी नाही म्हटलं. खोटं बोललो. वच्छला माझ्याकडं पाहत राहिली.

सुईनं गाठीचा तुकडा काढला. तो मेणात बसवून देतात. इथं नीट उमजेना म्हणून नागपूरले न्यायचा होता. वैशाखाचं ऊन, मेण वितळलं तर काय, म्हणून मी तो ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातला अन् गाडीत मांडीवर धरून बसलो. तिथं त्याले नाना रंग चढवून पाहिलं. गाठीचं मूळ दुसरीकडं तर नाही, म्हणून इकडं तिची मांडी, पोट, पाठ, सारं अंग मशीनमध्ये तपासलं. कुठंच नाही. शेवटी आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा सार्कोमा आहे. मांस, चरबी, शिरा अशा नरम भागातून उठतो, फुप्फुसात फार क्वचित. हा बिडीवाला कॅन्सर नाही.

मले हलकं वाटायले पाहिजे होतं. नाही वाटलं. खोट्यावर मिळालेली सुटका ती.

बाहेर बाकावर वच्छला म्हणाली, "जा, खरं सांगून या."

"काहून? आता काय फरक पडते?"

"मले नाही पडत. तुमाले पडन. मी गेल्यावर मंग, बिडीनं तर नाही झालं, हे कोणाले इचारान?"

दोघंही परत आत गेलो. सारं सांगितलं. बाई रागावल्या, आधी सांगायचं होतं म्हणाल्या. रिपोर्ट पुन्हा उघडून वाचला, मग माझ्याकडं पाहिलं. "बीड़ी बुरी चीज़ है, बाबा. पर ये गाँठ उसकी नहीं है. क्यों होती है, हम भी नहीं जानते."

वच्छला खोकत खोकत हसली. "म्हंजे चाळीस वर्षं म्या उगीच भांडली?"

बिडी मात्र तवापासून सुटली.

आमच्या दाराबाहेर एक खिळा आहे. बिडीच्या वासाचा माझा सदरा घरात नको म्हणून तिनंच ठोकलेला. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं खिळ्यावरचा सदरा काढला अन् आत दोरीवर टाकला, आपल्या लुगड्याच्या शेजारी. मग चहा ठेवायले गेली.

सदरा अजून तिथंच आहे, लुगड्याले लागून.