आचारी अमळनेरकडचा

माझे वडील झुलाल पाटील, आमचे नाना, भरीत करायचे. अमळनेरच्या आसपास लग्न असलं की वांगी भाजायला नानांनाच बोलावणं असायचं. थंडी सरली की कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरी. मी आठ वर्षांची असताना आई, मंजुळाबाई, गेली. तेव्हापासून माझ्या वेण्याही तेच घालायचे. बोटांची टोकं भाजून इतकी निबर झालेली, की केस त्यांना अडकायचे. मी ओरडायचे. ते हसून पुन्हा भांग पाडायचे.

त्यांनीच मला बी.एड. केलं. मी धुळ्याला शिक्षिका झाले, घर बांधलं. वास्तुशांतीला नाना आदल्या दिवशीच एसटीने आले, भरताच्या वांग्यांचं पोतं आणि कपाशीच्या काड्यांचा भारा घेऊन. पहाटेपासून गच्चीवर धूर. दुपारी पंगतीत आमच्या मुख्याध्यापकबाईंनी विचारलं, "दिपमाला, भरीत काय सुरेख झालंय! आचारी कुठला?"

नानांच्या बनियनला काजळी लागली होती. मी म्हणाले, "अमळनेरकडचा आहे. ओळखीतला."

ते माझ्या मागेच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं ताट घेऊन उभे होते.

"घ्या बाई, अजून घ्या," ते मुख्याध्यापकबाईंना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमले काय आनू?"

तेवढ्यात माझी सहा वर्षांची पुनम धावत आली नि त्यांच्या कमरेला बिलगली. "आबा, तुम्ही कधी जेवणार?"

बाईंनी चमकून वर पाहिलं. नाना हसले. "पोरगी सगळ्यांनाच आबा म्हणते," म्हणाले आणि पुढच्या पानाकडे सरकले.

माझं खोटं त्यांनी माझ्यासाठी पुरं केलं होतं. मी तेव्हाही उठले नाही.

चारच्या गाडीने ते निघाले. पुनम हट्टाने तिच्या पप्पांबरोबर स्टँडपर्यंत गेली, मी पाहुण्यांत राहिले.

पुढे तीन वर्षं ते येत राहिले, पुनमला शाळेत सोडत, तिच्यासाठी बोरं आणत. एकदा अमळनेरला मी विषय काढला. "नाना, त्या दिवशी मी..."

"पाहुना बठ्ठा पोटभर जेवनात ना?" ते वांगं उलटत म्हणाले. "मंग व्हयनं."

सगळे पाहुणे जेवले, म्हणजे झालं; विषय त्यांनी तिथेच मिटवला. सुटल्यासारखं वाटलं मला, हेच जास्त वाईट.

गेल्या पौषात ते गेले. दहाव्याला ओळखीपाळखीची नसलेली माणसं आली होती; कोणाच्या मुलीच्या लग्नात, कोणाच्या साखरपुड्यात त्यांनी रांधलं होतं. जो तो मला विचारी, "तुम्ही झुलालभाऊंची मुलगी का?" प्रत्येकाला हो म्हणताना मान वर होईना.

धुळ्याला परतल्यावर मी पुनमला समोर बसवलं आणि वास्तुशांतीचं सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तेव्हा ऐकलं होतं. स्टँडवर रडले होते. आबा म्हणाले, तुझी मम्मी कामात होती, घाईत बोलली. तिला कधी विचारू नको, तिला वाईट वाटेल."