एकदा म्हटल्यानं सीट भरत नाही

पुंजारामच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा, तर गीतांजली मॅडम त्याच्या जीपपाशी पहिल्यांदा आल्या त्या सकाळी परतवाड्याचा अख्खा स्टँड जागच्या जागी थिजला. चहावाल्याचा चहा उतू जाता जाता पातेल्याच्या काठावर थबकला. चिखलदऱ्याहून उतरलेली एसटी हॉर्न द्यायचं विसरली. केळीच्या गाडीत तोंड घातलेल्या गाईने तोंड बाहेर काढलं आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

यात खरं एवढंच, की जीप भरली होती. अकरा माणसांच्या त्या काळी-पिवळीत सतरा माणसं, दोन गाठोडी आणि संत्र्यांची एक पेटी बसली होती. अशा गाडीत जागा मिळवायची आपली वऱ्हाडी रीत म्हणजे आधी कोपर, मग गाठोडं आणि तरीही नाही जमलं तर समोरच्याच्या खानदानाची चौकशी. मॅडमनी यातलं काहीच केलं नाही. त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "एक्स्क्यूज मी."

सतराच्या सतरा माणसं सरकली. संत्र्यांची पेटीही सरकली, असं पुंजाराम शपथेवर सांगतो.

बावीस वर्षं तो परतवाडा-अमरावती गाडी हाकत होता. "सरका ना जी थोडकसे!" ओरडून त्याच्या घशाची गिरणी झाली होती, पण एका वेळी दीड माणसापेक्षा जास्त कधी सरकलं नव्हतं. आणि इथे ही कॉलेजात शिकवणारी बारकीशी बाई दोन शब्द बोलते, तेही कुजबुजत! त्या क्षणी पुंजाराम इंग्रजीच्या प्रेमात पडला. वय वर्षं पंचेचाळीस, शिक्षण सातवी, घरी बायको. पण प्रेम काही दाखला मागत नाही.

मॅडम रोज त्याच्याच गाडीने अमरावतीला जाऊ लागल्या. काळी-पिवळीला वेळापत्रक नसतं. भरली की सुटते. भरेपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण तासात बाकीचे ड्रायव्हर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचे, पुंजाराम इंग्रजी घोटू लागला. मॅडम रोज एका चिठ्ठीवर मराठी अक्षरांत एक वाक्य लिहून द्यायच्या आणि तो ती समोरच्या काचेच्या वर खोचून ठेवायचा. गुड मॉर्निंग. हाऊ आर यू. प्लीज सिट डाऊन. पावसाळा संपेतो काचेवर चिठ्ठ्यांचं तोरण झालं होतं.

पाठांतर पक्कं. अडचण वेगळीच होती. बावीस वर्षं त्याच्या तोंडाला एकच वळण होतं. "अमरावतीऽ अमरावतीऽ अमरावतीऽ!" कोणतीही गोष्ट तीनदा आणि पलीकडच्या चौकात ऐकू जाईल अशी. म्हणून त्याची इंग्रजीही तशीच निघायची.

"गुड मॉर्निंगऽ गुड मॉर्निंगऽ गुड मॉर्निंगऽ!"

गाडीतली म्हातारी छातीला हात लावायची.

"पुंजारामजी," मॅडम म्हणायच्या, "एकदाच म्हणायचं. आणि हळू."

"मॅडम, एकदा म्हटल्यानं सीट कुठं भरते?"

मॅडम पुढची चिठ्ठी लिहायला घ्यायच्या.

दुसरं दुःख जरा खोल होतं. त्याच्या इंग्रजीला इंग्रजीत उत्तर कोणी देत नव्हतं. मॅडम चुका काढायच्या, त्याला तो उत्तर धरत नव्हता. "हाऊ आर यू" विचारलं की प्रवासी म्हणायचे, "बरं हाय बाबू, गाडी काढ लवकर." घरी चंदाला विचारलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "कोंबड्याईले इचारा. मले कामं हायेत."

"अवं, पण तुले काय वाटते, जमन का मले?"

"शिकाले तुमी शिकसान जी. पण बोलाले माणूस कुठून आणसान?"

तिने नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं. त्याला गाडी नको होती, बंगला नको होता. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, आपण इंग्रजीत बोलावं आणि समोरच्याने इंग्रजीत उत्तर द्यावं, एवढंच हवं होतं. आसेगावचा पूर्णेचा पूल ओलांडला की प्रवाशांच्या माना डुलू लागत, हिवाळ्याचं धुकं कापसाच्या शेतांवर पसरलेलं असे, आणि पुंजाराम तेवढ्या वेळात अख्खं संभाषण उरकून घेई. धुक्यातून बाभळी एकेक करून पुढे येत. तो बाभळीला हालहवाल विचारी, बाभूळ म्हणे, फाइन, थँक यू. मैलाच्या दगडाला तो बसायचा आग्रह करी. दगड आधीच बसलेला असल्यामुळे नम्रपणे हसे. एकदा तर ढगाशी त्याचं बोलणं इतकं रंगलं, की वलगावला उतरणारे चौघे थेट अमरावतीत उतरले. तेही इंग्रजीत काही बोलले नाहीत. जे बोलले ते मात्र अगदी शुद्ध वऱ्हाडी होतं.

आणि डिसेंबरात हसनैनभाई स्टँडवर आले. त्यांचं जंगलाच्या वाटेवर चार खोल्यांचं लॉज होतं.

"पुंजाराम, तेरे को इंग्लिश आती बोलते. सच्ची?"

"येते ना भाई. येते, येते!"

"इंग्लंडहून पाहुणे येऊन राहिले. रिटायर मास्तर हायेत. रानपिंगळा पाहाले येतेत. घुबडासारखं लहान पाखरू असते, दिवसाबी दिसते. तीन दिवस गाडी लागन. जमलं तर दर साली तूच."

पुंजारामने त्या आठवड्यात गाडीच्या टपाला पॉलिश केलं. चंदाने शर्टाला इस्त्री केली आणि बजावलं, "त्या बुढ्याले बोलू द्याजा मधात." मॅडमनी शेवटची चिठ्ठी दिली. तिच्यावर 'सॉरी' लिहिलं होतं. "लागलाच तर," त्या म्हणाल्या.

पाहुणे एकटेच आले, उंच, पांढरे, आगपेटीतल्या काडीसारखे सरळ. गाडीत बसले. पुंजारामने श्वास भरून घेतला, तोंड उघडलं, आणि पाहुण्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

जंगलात बोलायचं नसतं. पाखरं उडतात.

पहिला दिवस असाच गेला. दुसराही. लॉजवर परतलं की पाहुणे वहीत काहीतरी लिहीत आणि लवकर झोपत. पुंजारामच्या पोटात शंभर वाक्यं गरम पोळ्यांसारखी एकावर एक रचलेली, आणि वाढायला पान नाही. पण बाहेरचं रान असं होतं, की त्याला रागही येईना. सागाची पानं इतकी सावकाश गळत, जणू प्रत्येक पान आधी विचार करी. ऊन जमिनीवर नाणी सांडून पुन्हा वेचून घेई. त्या शांततेत पुंजारामला पहिल्यांदाच वाटलं, की ओरडून सांगावं असं जगात फार काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे दुर्बीण लावून पूर्वेकडे बघत होते. पुंजारामने सहज मान वळवली. त्यांच्या पाठीमागे, निष्पर्ण सागाच्या फांदीवर, मुठीएवढं गोलमटोल पाखरू बसलं होतं. पिवळे डोळे. रानपिंगळा. तो थेट पुंजारामकडे बघत होता, सीट आहे का विचारल्यासारखा.

पाहुणे चुकीच्या बाजूला बघत होते. सांगायलाच हवं होतं. खांद्याला हात लावून सांगता आलं असतं, पण ते नंतर, घरी बसल्यावर सुचतं. पुंजारामच्या शंभर पोळ्या एकदम कुठे गेल्या कोण जाणे, तळाची सगळ्यात पहिली तेवढी हाती लागली.

"एक्स्क्यूज मीऽ एक्स्क्यूज मीऽ एक्स्क्यूज मीऽ!"

सतरा माणसं सरकली होती. रानपिंगळाही सरकला. सरकत सरकत थेट पलीकडच्या डोंगरावर गेला. पाहुणे वळले तेव्हा फांदी हलत होती.

रान पुन्हा शांत झालं. पुंजारामचा चेहरा उकडलेल्या वांग्यासारखा पडला. त्याला मॅडमची चिठ्ठी आठवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द त्याच्या तोंडून एकदाच निघाला. हळू.

"सॉरी."

पाहुण्यांनी त्या हलणाऱ्या फांदीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग किंचित हसून म्हणाले, "नेव्हर माइंड."

पुंजारामला अर्थ कळला नाही. पण त्याला इंग्रजीत उत्तर आलं होतं! त्याच्या शब्दाला, त्याच्याकडे बघून, खुद्द इंग्लंडहून आलेल्या माणसाने दिलेलं. घाट उतरताना तो ते दोन शब्द ओठांवर घोळवत होता. धुक्यातले साग, वळणावरचे दगड, दरीतला ढग सगळे त्याला नेव्हर माइंड म्हणत होते आणि तो मान डोलावून स्वीकारत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी अर्थ सांगितला, "म्हणजे, मनाला लावून घेऊ नका."

"नाई लावलं जी मी," पुंजाराम म्हणाला, आणि खरंच लावलं नव्हतं.

पुढच्या डिसेंबरात तेच पाहुणे पुन्हा आले. हसनैनभाईंनी दर्यापूरहून एक ड्रायव्हर बोलावला. त्याला इंग्रजीचा एकही शब्द येत नाही.