अक्काची शुगर

कोरोनाच्या त्या दोन वर्षांत आमच्या सिरसाळ्यात कुणी गेलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारायचे, "शुगर होती का?" होती म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा सैल पडायचा. म्हणजे ते मरण त्या माणसाच्या घरचंच होतं, आपल्याकडे येणारं नव्हतं. मी तिथेच उभी असायचे. मला शुगर आहे, रोज पोटात सुई टोचून घ्यावी लागते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. तरी माझ्यादेखत बोलायचे. जणू मी कधीच गेले होते आणि मला पुरायचं तेवढं राहून गेलं होतं.

आणि याच घरानं माझी शुगर कितीतरी वर्षं लपवली होती. मुलीचं लग्न व्हायचं होतं. आईला आहे म्हटल्यावर पाहुणे लेकीकडेही संशयानं बघणार. म्हणून कुठेही बुंदीचा लाडू पुढे आला की मी म्हणायचे, आज माझा सोमवार. एका पाहुणीनं शेवटी विचारलंच, "बाई, तुमच्याकडं आठवड्यात सोमवार किती येतात?" मुलगी सासरी गेली तेव्हा कुठे माझ्या आजाराला उघड्यावर यायची परवानगी मिळाली. परवानगी थोरल्या दिरांची. घरात श्वास सोडून बाकी सगळं त्यांना विचारून चालायचं.

आमचं खता-बियाण्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, दार एकच. थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, माझा नवरा आणि मी. दिरांचा मुलगा पुण्याला नोकरीला. जावेला मी अक्का म्हणायचे. साठीला टेकलेली, पण दोन भरलेल्या कळश्या उचलून सरळ चालायची. जेवण झालं की गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय उठायची नाही. आम्ही लिंगायत, घरात अंडं येत नाही, त्यामुळे फ्रीजच्या दारातल्या अंड्यांच्या खाचांत माझ्या इन्सुलिनच्या बाटल्या असायच्या. सुईची वेळ झाली की अक्का ओरडायची, "ए, तुझी अंडी घे की!" आणि स्वतःच पोट धरून हसायची. मला इतका राग यायचा, आणि आता तेच ऐकायला कान तरसतात.

दुसऱ्या लाटेत, पेरणी तोंडावर आलेली असताना, मला ताप भरला. अंग मोडून आलं, खोकला सुरू झाला, जिभेची चव गेली. मी नवऱ्याला म्हटलं, टेस्ट करून घेऊ. तो भावाला विचारायला पुढे दुकानात गेला. तिथून दिरांचा आवाज मला बिछान्यात ऐकू आला.

"टेस्ट-बिस्ट काय न्हाई. दाराला बांबू लागले, घर सील झालं तर दुकान बंद पडंल. आत्ताच तर गिऱ्हाईक येतंय. तिची शुगर वाढली हाय. कुणी इचारलं तर तेच सांगायचं."

नवरा म्हणाला, "हो दादा." त्याला दुसरं काही म्हणता येत असतं तर आमचा संसार वेगळाच झाला असता.

अशी माझी शुगर कामाला आली. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली, आता गिऱ्हाइकाला बियाण्याच्या पिशवीबरोबर सांगितली जाऊ लागली. लोकही मान डोलवायचे. कुणी कारल्याचा रस सांगून जायचं, कुणी जांभळाच्या बिया. अक्कालाही दिरांनी तेच सांगितलं, आणि नवऱ्याच्या शब्दावर अक्कानं जन्मभरात कधी शंका घेतली नव्हती.

ती माझ्या उशाशी बसून राहायची. मी म्हणायचे, अक्का, हे शुगरचं नाही, लांब बस. ती हसायची. "शुगर काय उडून लागती का? गप पड." भाकरी दुधात कुस्करून भरवायची. मला चव लागत नाही म्हटलं तर म्हणायची, "गोडाचा कण न्हाई त्यात, चव कावून लागंल?" चार घास खाल्ले की मला दम लागायचा. उरलेलं ती माझ्याच ताटात, तिथेच बसून संपवायची. आमच्यात ताटातलं अन्न प्रसाद. तो टाकायचा नाही. पुसून खायचं, वर ताटात पाणी घालून तेही पिऊन टाकायचं. अक्का लहानपणापासून तेच करत आलेली. मी ताट ओढून घ्यायची धडपड करायचे, पण हातात जीव नव्हता. ती म्हणायची, "आजाऱ्याचं उष्टं खाल्लं तर त्याचा आजार निम्मा होतो." माझ्यासमोर ताट धुऊन ते पाणी पिणारी अक्का मला अजून दिसते.

श्वास पुरेना तेव्हा नवऱ्याच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, त्यानं गाडी काढली आणि मला अंबाजोगाईला नेऊन दाखल केलं. तिथे ज्या औषधानं फुप्फुसं सावरली त्याच औषधानं माझी शुगर खरोखर वाढली. दिरांचं बोलणं उशिरा का होईना खरं झालं. बोटं टोचून टोचून काळी पडली. शेजारच्या खाटा रिकाम्या व्हायच्या, पुन्हा भरायच्या. मी मनात म्हणायचे, मला शुगर आहे, आता माझाच नंबर. पण माझा नंबर आला नाही.

घरी आले तेव्हा दारात ओवाळायला अक्का नव्हती. मी विचारलं तर नवरा खाली बसून रडायला लागला. मी गेल्यावर तिला ताप आला होता. दीर म्हणाले, दमली हाय, जावेची सेवा करून. परळीला न्यायचं ठरेपर्यंत ती गेली होती.

माती द्यायला आलेल्यांनी विचारलंच, शुगर होती का? आणि दिरांनी सांगितलं, "होती की. दोघी जावांनाबी."

तेवढ्यानं भागलं. कुणी लांब सरलं नाही. अक्काला आमच्या रीतीप्रमाणे बसवून, कपाळाला भस्म लावून, डाव्या हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन, बेलाची पानं वाहून समाधी दिली. त्या दिवसांत असं नशीब थोड्यांच्या वाट्याला आलं. नवरा आजही मला तेच सांगतो. खरं सांगितलं असतं तर अनोळखी माणसांनी तिला जाळली असती, ते तुला चाललं असतं का? नसतं चाललं. पण मला तिची चांगली समाधी नको होती, मला ती हवी होती. खरं आधी सांगितलं असतं, माझ्या दाराला बांबू लागले असते, तर ती माझ्या ताटाला शिवली नसती. हे म्हटलं की तो उठून दुकानात जातो. दुकान एक दिवसही बंद पडलं नव्हतं.

वर्षाच्या आत दिरांनी मुलाचं लग्न उरकलं. मग अक्काचा वर्षाचा कार्यक्रम आला. बैठकीत पूजा सांगायला आलेले जंगम आणि पाहुणे बसलेले, अक्काच्या फोटोला हार घातलेला. नवी सून स्वयंपाकघरात नैवेद्याचं ताट वाढत होती. चांगली पोर आहे, विचारून विचारून काम करते. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, आत्याबाईंच्या ताटात पुरणपोळी वाढू का नको? त्यांना शुगर होती ना?"

माझ्या डोक्यात सणक गेली. मी ताट घेतलं, पुरणपोळी वाढली, तिच्यावर डब्यातला सगळ्यात मोठा गुळाचा खडा ठेवला आणि तशीच बैठकीत गेले. पुरुषांच्या बैठकीत आमच्या घरच्या बायका जात नाहीत. ताट फोटोपुढे ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्काला शुगर न्हवती. शुगर मला हाय. कोरोनाबी मलाच झालता, यांनी लपवून ठेवला. अक्का माझ्या ताटातलं खाऊन गेली."

नवरा जमिनीकडे बघत होता. दिरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहुण्यांकडे वळून, अगदी मायेनं म्हणाले, "तिची शुगर वाढली की असं व्हतंय."

आणि बसलेल्यांचे चेहरे सैल पडले.