फक्त ॲडमिन लिहू शकतात

उज्ज्वला गेल्याचं तिच्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मुलुंडच्या आमच्या वाचनालयात सकाळची वर्तमानपत्रं लावत होतो. ती इथली ग्रंथपाल, मी चिटणीस. बावीस वर्षं एकाच खोलीत काढलेली. सभासदांना कळवायला हवं म्हणून वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. तीनशे माणसांनी त्या वाचल्या... आणि एकाचाही शब्द आला नाही. येणार कसा? या ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहायचं, हा नियम मीच केला होता. सहा आठवडे झाले, ती शांतता काही डोक्यातून जात नाही.

ग्रुप तिने टाळेबंदीत मला काढायला लावला. वाचनालयाला कुलूप, तर ही कपाटांचे फोटो टाकायची आणि लोक फोटोतल्या पुस्तकाभोवती लाल गोल काढून परत पाठवायचे, ‘हे ठेवा.’ पुढे दारं उघडली तरी ते चालूच राहिलं. एक जण वाचलेल्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहायचा, की लगेच पाच जण तेच मागायचे. नवी पुस्तकं कोणती घ्यायची, हेही ती ग्रुपवर विचारू लागली. ते मला खुपलं. मग आम्ही समितीवर कशाला, असं वाटायचं. गर्दीबरोबर फुलांचे फोटो आले, वाद आले, आणि एका सभासदाने समितीने निवडलेल्या पुस्तकांची जाहीर टिंगल केली. त्याच दुपारी मी सगळ्यांचं लिहिणं बंद केलं. तिचंही. ॲडमिनमधून तिचं नाव काढलं, तिला न विचारता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “अरे विनय, नोटीसच लावायची होती तर बाहेर फळा आहे ना.”

“लोक भांडतात तिथे.”

“भांडू देत. पुस्तकांवरून भांडतायत. इतकी वर्षं आपण याचीच वाट बघत होतो ना?”

नियम मी तसाच ठेवला. त्यानंतर लोक तिला एकेकटे विचारू लागले आणि ती प्रत्येकाला वेगळं उत्तर देत राहिली. आजारपणातही. हॉस्पिटलमधून तिचा मला मेसेज आला होता, ‘ग्रुप उघड ना रे. सगळ्यांना वेगवेगळं लिहून दमते मी.’ मी लिहिलं, ‘बघतो.’ बघितलं काहीच नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं...

गेल्या रविवारी कुणाला न विचारता ग्रुप उघडला. पहिले दोन तास नुसता फोन थरथरत होता. मग घाटकोपरच्या एका आजींचा आवाजी मेसेज आला. त्यांना आता दिसत नाही. उज्ज्वला रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत चार पानं वाचून, आवाज भरून त्यांना पाठवायची. मला हे माहीतच नव्हतं. त्या सुट्टीत ती जिन्यात फोनवर बोलत बसते म्हणून मी कुरकुर केलेली मात्र आठवते. “पुस्तक अर्धं राहिलंय,” आजी म्हणाल्या. “शेवट काय झाला, कुणी सांगेल का?”

मी काय लिहावं याचा विचार करत होतो, तोवर एका मुलीचं उत्तर आलं. ‘आजी, मी तुमच्या जवळच, असल्फ्याला राहते. कॉलेज सुटलं की येऊ का वाचायला? शेवट आधी नाही सांगणार.’ मग ‘तुझं नाव काय गं’पासून घर कुठल्या मजल्यावर इथपर्यंत दोघी तीनशे लोकांसमोर बोलत राहिल्या. मध्ये काही लिहावं असं दोनदा वाटलं. नाही लिहिलं.

हल्ली पुस्तकांची देवघेव मीच करतो. उज्ज्वलाची खुर्ची तिच्या उंचीला लावलेली आहे. माझे गुडघे सारखे टेबलाच्या खणाला आपटतात. बाजूचा दांडा ओढला की खुर्ची खाली होते. रोज हात तिथवर जातो.