नुसतं नाव

पट्टेवाल्याने कोर्टाच्या दारात माजी मंत्र्यांच्या नावाचा पुकारा केला. नुसतं नाव, मागे 'साहेब' नाही. व्हीलचेअरमध्ये त्यांची मान खाली गेली आणि, खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. आपल्याकडे शिक्षा इतकी रेंगाळते की हा पुकाराच शिक्षा म्हणून चाखायचा. आजही त्यांच्या वकिलाने आजारपणाचा दाखला पुढे केला, माझी साक्ष राहिली, पुढची तारीख पडली.

बाहेर, पूल कोसळून लेक गेलेल्या मावशी म्हणाल्या, "हा मुडदा निकालाआधीच डोळे मिटणार, बघा भाऊ."

"मिटू नयेत म्हणून मी रोज देवापुढे दिवा लावतो," मी म्हणालो. मग साक्षीत सांगायचं ते त्यांनाच सांगितलं, "मावशी, त्याच्या एका फोनवर तो कच्चा पूल पास करणारा इंजिनियर मीच. मला त्याच्या खुर्चीशेजारी, आरोपी म्हणूनच, उभं राहून निकाल ऐकायचाय."