पुढच्या खेपेचं कासव

दरवर्षी आमच्या शाळेच्या पाचवीची सहल बोरिवलीच्या जल-निसर्ग केंद्रात जाते. तिथले गाईडकाका मोठ्या हौसेने झरा दाखवतात, पाण्यातले किडे भिंगातून दाखवतात. मागच्या तळ्यातलं कासव तेवढं राखून ठेवतात.

"ते पुढच्या खेपेला हां! येणार ना रे?"

मुलं "होऽऽ" ओरडत बसमध्ये चढतात. पुढच्या वर्षी पाचवीत नवी मुलं असतात, हे काकांना कोण सांगणार?

यंदा मुलं बसमध्ये बसल्यावर मी चिडूनच म्हटलं, "काका, मी इतकी वर्षं येतेय, मला तरी दाखवा ना ते कासव!"

काका तळ्याकडे निघाले आणि मध्येच थांबले.

"दाखवलं असतं हो, बाई," ते हळूच म्हणाले, "पण परत येणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात."