नातीचा लगाम

नातीच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तिले ती दाबाले लावणं, हे आम्हा नवराबायकोचं सोबतचं शेवटचं काम. कबड्डीत पोरीचं लिगामेंट तुटलं, अकोल्याले ऑपरेशन झालं. रोज व्यायाम नाही केला तर गुडघा आखडन अन् खेळ कायमचा सुटन, असं डॉक्टरनं बजावलं होतं. बायको मात्र साऱ्या गल्लीत सांगत फिरे, "नातीचा लगाम तुटला."

त्या सांजेले मी लसणाचं तेल चोळाले घेतलं, तर हातावर फटका मारून म्हणे, "बैलाचा खांदा समजले का जी? पोरीले दाबू द्या!"

त्याच रात्री ती झोपेतच गेली.

मसणातून घरी आलो, तर अमरावतीहून आलेल्या माह्या थोरल्या बहिणीनं हुकूम सोडला, सुतकात व्यायाम नाही. स्वतःले भिंत धरल्याशिवाय उठता येत नाही, अन् दुसऱ्याच्या गुडघ्यावर भाषण!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेल गुंडाळला.

"काहून रे? लोक काय म्हणतीन?" बहीण म्हणे.

"लोकाइले कबड्डी खेळाची नाही. सरक तिकडं."

नात तोंड झाकून रडून राहिली होती. मी तिच्या पायाशी बसलो अन् म्हटलं, "रड, पण दाब."